येळवणी

पहाटे साडेचारला, स्वेहानला,
अबकर सराबला दोरीनं ओढत आणतो.
सराब म्हणजे मृगजळ. वजन सातशे किलो.
हिवाळ्यात माजावर येतो तेव्हा
तोंडातून गुलाबी पिशवी बाहेर लोंबते
आणि घशात घागर बुडाल्यासारखी बुडबुडते.
मी उदगीरचा. तिथल्या कॉलेजात मला
बैल शिकवले, रेडे शिकवले.
हे कुणी शिकवलं नव्हतं.

उंटाचं वीर्य चिकट. अबकर म्हणतो शेंबूड,
मी म्हणतो भेंडीची तार.
दोन हिवाळे आम्ही ते धूत आलो:
यंत्रात फिरवायचं, तळाशी शुक्राणू बसतात,
वरचं पाणी मोरीत.
स्वच्छ केलेले ते काचेवर असे सुटायचे
जशी शाळा सुटावी.
मी वहीत लिहायचो: उत्तम.
चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा बघावं तर
अर्ध्यांची डोक्यावरची टोपी उडालेली.
बीजांड कुठंच नाही,
आणि हे आपले दार फोडून बसलेले
रिकाम्या काचेवर.

डॉक्टर शम्मा म्हणाल्या, ते पाणी ठेवा.

लाख पटीच्या वेगात दोन तास फिरवलं तेव्हा
नळीच्या बुडाशी काही दिसलंच नाही,
बोटानं पुसावा इतका एक डाग.
अल ऐनच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र
पुटिकाच पुटिका,
वाटीसारख्या, पातळ कातडीच्या,
पोटात कुणाकुणाची प्रथिनं, चरबी,
आरएनएची कातरणं.

शुक्राणूला नवं काही लिहिता येत नाही.
घर सोडतानाच त्याचं दप्तर
इतकं घट्ट बांधलेलं असतं की उघडत नाही.
वाटेत जे कुणी हातावर ठेवील तेवढंच त्याचं.
मला वाटलं, या पुड्यांत जोर असेल,
पेट्रोल असेल.
परत घातल्या तर ते चक्क मंदावले.
कातडी घट्ट झाली, टोप्या जागच्या जागी.
कुणीतरी दंडाला धरून म्हणावं तसं:
अजून नाही.

खिशात माझाही एक कागद आहे.
अल ऐनच्या दवाखान्यात, कोट्टयमच्या एका मुलीनं
भिंगातून मोजलेला मी.
पुढे जाणारे: एकोणीस टक्के.
तिनं मला काही समजावलं नाही,
मी काय काम करतो ते फॉर्मवर होतं.

प्रणिता दोनदा येऊन गेली, तीस तीस दिवसांच्या व्हिसावर.
दुसऱ्या खेपेला तिनं पुरण घातलं होतं,
आणि मी मदत करायला गेलो
ती डाळीचं पाणी सरळ सिंकमध्ये ओतून मोकळा.
संध्याकाळपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, येळवणी होती ती.
आता आमटी कशाची करू, तुझ्या डोक्याची?
मी हसलो. ती नाही हसली.
त्या महिन्यातही काही झालं नाही.

आज नऊ चाळीस.
पाच तास उलटून गेलेत.
मी डोळा लावून बसलोय. ते हळू आहेत,
कुणी गोल फिरतंय, कुणी शेपटी नुसती हलवतंय,
टोप्या शाबूत.
अबकर दारातून विचारतो, मेले?
नाही, थांबलेत.
थांबलेत, म्हणतो, आणि सराबकडं बघून
एवढ्या जोरात हसतो
की तो उंटही मान वळवून बघतो.

हा एका हिवाळ्याचा, एका उंटाचा हिशेब.
डॉक्टर शम्मा असल्या आकड्यांवर
भुवईसुद्धा उचलत नाहीत.
मी वहीत या वेळी उत्तम लिहिलेलं नाही.
नळ्यांवर तारीख टाकून वरचं पाणी
उणे ऐंशीत ठेवलंय,
मोरी सकाळपासून कोरडी.

तिकडं सव्वाअकरा. ती शाळेत असेल,
पाचवीच्या वर्गावर.
रिंग वाजतेय. उचलत नाही.
ठेवतो. मधल्या सुट्टीत लावीन.