तसूभरही नाही

मर्डीनाच्या घराचं पुढचं दार छत्तीस इंच.
तिच्या बापानं मोजून बसवलेलं,
घडीच्या लाकडी फुटपट्टीनं,
तोंडात खिळे धरून.
सरकारी फॉर्मात हवंय नऊशे पंधरा मिलिमीटर,
आणि छत्तीस इंच म्हणजे
नऊशे चौदा पूर्णांक चार.

कमी किती? सहा दशांश.
तसूभर म्हणावं तर तेवढंही नाही.

केप ब्रेटनच्या या टोकाला
मार्चातसुद्धा हवा उणे अकरा, सेल्सिअस,
आणि ओव्हन साडेतीनशे, फॅरेनहाइट.
यात कुणाला काही वावगं वाटत नाही.
थंडी रेडिओवरून येते,
बॅनकची कृती आईकडून.
दूध लिटरनं, लॉब्स्टर पौंडानं.
सिडनीचं हॉस्पिटल पाटीवर एकशे बारा किलोमीटर,
माणसाला विचारलंत तर दीड तास,
बर्फ पडला तर देव जाणे.

त्या हॉस्पिटलात युअन एकसष्ट किलोचा झाला होता.
बरा आहे, असं मर्डीना आठवडाभर सगळ्यांना सांगत राहिली.
मग एका रात्री नर्सला म्हणाली,
पौंडात सांग ना बाई.
एकशे चौतीस.
तेव्हा ती खाली बसली.
आकडा दुपटीनं वाढला होता
आणि नवरा तिथेच, त्या आकड्यात, आटलेला दिसला.
लग्नात तो एकशे नव्वदचा होता.
किलोतल्या माणसाशी तिची ओळखच नव्हती.

आता त्याला घरी आणायचं, चाकाच्या खुर्चीतून.
खुर्ची दारातून खुशाल जाते.
अडतो तो कागद.

कागद घेऊन आली लिझेट ओकॉइन,
शेटिकँपची, तिशीची, शाळेपासून मेट्रिकमध्ये वाढलेली.
तिनं टेप लावला. पुन्हा लावला.
माफ करा, म्हणाली, खरंच.
मर्डीनानं चहा ओतला आणि विचारलं,
तुझी उंची किती गं?
"पाच फूट चार," लिझेट म्हणाली,
आणि स्वतःच गप्प झाली.

लॉक्लिन सुतार शेजारचाच.
त्याच्या दुकानातलं टू बाय फोर
अंगानं दीड बाय साडेतीन भरतं.
नावाइतकं कोण भरतं, म्हणतो तो.
त्यानं चौकटीवरून अंगठा फिरवला,
नखानं एक पोपडा उचलला,
आणि खरवडणी काढली.

आधी पांढरा निघाला.
त्याखाली करडा.
मग हिरवा, युअनच्या होडीचा उरलेला डबा,
होडी बुडाली त्याच्या आदल्या वर्षीचा.
मर्डीना हिरव्यापाशी म्हणाली, जरा थांब.
लॉक्लिन थांबला.
खिडकीबाहेर बर्फ गाडीच्या काचेवर बसत होता.
बरं, कर, म्हणाली.
मग निळा, जो कुणालाच आठवेना.
मग लाकूड.

लिझेटनं मोजलं: नऊशे सोळा.
लॉक्लिननं टेप पलटून दुसऱ्या कडेनं मोजलं:
छत्तीस, वर एक सोळांश.

कितीतरी वेळ मर्डीना त्या एक सोळांशाकडे पाहत राहिली.
बाप चुकणाऱ्यातला नव्हता.
शेजाऱ्यांच्या चौकटीसुद्धा तो पुन्हा सरळ करून यायचा,
न विचारता, भांडण ओढवून.
"रंगासाठी सोडलंय त्यानं," ती म्हणाली.
"आम्ही किती वेळा रंगवू, त्याचा अंदाज घेऊन."
लॉक्लिनला हे पटलं नसावं.
त्यानं भुसा झटकला, काही बोलला नाही.

लिझेटनं रकाना भरला, सही केली.
पोपड्यातले हिरवे तेवढे मर्डीनानं
तळहातावर निवडून घेतले.
कशात मोजायचे, ते कुठल्याच टेपवर नव्हतं.
चिमूटभर होते.

निघताना लिझेटनं बॅनकची कृती मागितली.
मर्डीना दारातूनच ओरडली,
तीन कप मैदा, लोणी अक्रोडाएवढं,
आणि साडेतीनशेवर अर्धा तास...
गाडी वळलीसुद्धा होती.
फॅरेनहाइट हं!
ती उघड्या दारात उभी राहून ओरडली,
नाहीतर घर जाळून घेशील, पोरी!