रंग दबलेला

रविवारी सकाळी साडेसहाला
म्वान्सा गोलपोस्ट उभे करतो.
एकीकडे त्याची बॅग, दुसरीकडे माझ्या चपला.
मी दवात अनवाणी, गळ्यात शिट्टी,
दांडिया बाजारातल्या मराठी शाळेची भूगोलाची बाई.
ऑफसाइड मला अजून कळलेलं नाही.

पीटीचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही.
हा रावपुऱ्यात सेव-उसळीच्या गाडीवर भेटला,
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला, गाव कित्वे, झांबिया,
तर्री वाढवून मागत होता, खुणेनं.
म्हटलं, रविवारी पोरांना शिकवशील?
त्यानं बोटांनी विचारलं, किती पोरं?
म्हटलं, अठरा. आणि एक मी.

पहिल्याच दिवशी फणसेंचा अद्वैत
गोलात उभ्या उभ्या ओरडला,
"ए कोळसा, इकडे दे!"
सगळी हसली. चेंडू त्याच्याकडे गेला, अचूक,
पायाच्या आतल्या बाजूनं, जमिनीलगत,
जणू त्यानं नावानंच हाक मारली होती.

चहाला म्वान्सानं मला विचारलं,
ते काय म्हणतात मला?
मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे.
म्हणाले, कोळसा म्हणजे पेटणारा. जोशातला.
त्यानं चहा संपवला, पेला उपडा ठेवला.
"खबर छे, मॅडम," म्हणाला,
"पहिल्याच आठवड्यात कळलं.
तुम्ही काय सांगता, ते ऐकायचं होतं."

सोमवारी झांबियातल्या तांब्याच्या खाणी होत्या.
मी पुस्तक मिटलं, खडू घेतला.
गोरापान. गोरीगोमटी. उजळ.
काळाकुट्ट. काळतोंड्या.
म्हटलं, घरात ऐकलेले आणखी सांगा.
आधी खिदळली, मग सांगत सुटली,
फळा पुरेना. कोपऱ्यात तारीख होती,
तीही पुसावी लागली.

अद्वैतचा हात वर.
"मॅडम, आमच्या ताईच्या बायोडेटात लिहिलंय,
रंग दबलेला.
कोणी दाबला?"

कोणी हसलं नाही.
खडू माझ्या हातात, मी फळ्याकडे तोंड करून.
माझ्या बारशाला आत्या म्हणाली होती,
पण नाकीडोळी नीटस आहे हो.
त्या 'पण'वर मी पन्नास वर्षं राहिले,
भाडंसुद्धा वेळेवर भरलं.

त्यापुढच्या रविवारी पोरांनी त्याचं नाव घोकून आणलं.
म्वान्सा म्हणताना मवान्सा, मावसा,
शेवटी एका कारट्याच्या तोंडून मावशी निघालं.
तो गवतावर बसून पोट धरून हसला.
धैर्य मात्र अजून तोच शब्द म्हणतो,
हळू, पाठ वळली की. मी ऐकते.
शिट्टी तोंडात असते. कधी वाजवते,
कधी श्वासच पुरत नाही.

अकोट्यात फणसेंच्या वरच्या मजल्यावर
खोली भाड्याने देणे आहे, असा बोर्ड आहे.
म्वान्सा विचारून आला.
खाली दार उघडलं तेव्हा खोली होती,
जिना चढेपर्यंत लागून गेली.
हे त्यानं मला सांगितलं नाही.
अद्वैतनं सांगितलं, बुटाची नाडी बांधत,
वर न बघता.

काल संध्याकाळी त्या गल्लीतून गेले.
बोर्ड होता तिथेच.
पोरगं खाली, भिंतीवर चेंडू मारत होतं,
आतल्या बाजूनं नाही,
थेट पंजाच्या टोकानं,
जसं मारू नये असं म्वान्सा शंभरदा सांगतो.
दोन खिडकीच्या गजावर आदळले.
एक गच्चीवर गेला, तो आणायला धावला.
वरून वडील ओरडले, काच फुटेल!

मी शिट्टी पर्समध्ये चाचपली.
चौथा बोर्डाला लागला.
'देणे'चा मात्रा निघाला,
बाकी बोर्ड लोंबत राहिला, एका खिळ्यावर.