चालू व्हायना

मिरजेत दस्तगीर नदाफच्या दुकानात
ती एका झटक्यात बोलली होती.
जुनी चेनसॉ. साडेचार हजार.
मुठीला निळी टेप, अंगावर खिळ्यानं कोरलेलं
मा. ब. सुतार.
टेपेवर बोटांचे खड्डे उलट्या हाताचे,
म्हणजे सुतार डावरा असणार.

शिमग्याला आणली, गोठ्याच्या माळ्यावर ठेवली
आणि विसरलो.
मग वैशाखात एका रात्री वारं सुटलं,
बिळाशीच्या वरच्या अंगाला
जांभूळ आडवं पडलं, नेमकं पाटावर.
खाली चौदा घरांची पाळी,
आणि चौदाही घरांना माहीत
की माझ्याकडं मशीन आहे.

दोरी ओढली. नुसता खोकला.
चोक बाहेर, चोक आत.
रबरी फुगा दाबून दाबून अंगठा तेलकट.
अठ्ठाविसाव्या ओढीला खांदा म्हणाला, बास.
मिरजेकडं तोंड करून
मी दस्तगीरला जे काही बोललो
ते इथं लिहीत नाही.

पुतणी आली. हर्षदा.
इस्लामपूरच्या आयटीआयत शिकते,
वर्गात सव्वीस पोरं आणि ही.
म्हणाली, "काका, ओढू नका आता.
पाजून पाजून बुडवलीय तुम्ही तिला."
प्लग काढला. ओला, काळा.
फडक्यानं पुसला, टोपीत घालून
लोखंडाला टेकवला: "हळू ओढा."
टिक्. निळी ठिणगी,
गोठ्याच्या अंधारात बारीकशी.

"ठिणगी आहे."
पेट्रोल ओतून टाकलं. शिळं होतं,
वार्निशासारखा वास.
नवं भरलं, लिटरला वीस मिली तेल,
ते तिनं औषधाच्या टोपणानं मोजलं,
आजारी पोराला द्यावं तसं.
हवेची जाळी झटकली: भुसा, एक मेलेला झुरळ,
आणि सुतारच्या वेळचा असेल, कसल्यातरी झाडाचा
पिवळा चुरा.
"हवा आहे. पेट्रोल आहे. ठिणगी आहे."
तीन बोटं मोजून झाली
आणि ती चौथ्या बोटाकडं बघत बसली.

खोकला.

पाटाकडून सर्जेराव ओरडला,
"कुऱ्हाड आणू का रं?"
मी ऐकलंच नाही.

मग तिनं मशीन उलटी धरली
आणि धूर बाहेर पडतो त्या भोकात
डोळा घातला.
"काका, आत काय जातंय तेच बघतोय आपण मघापासून."
केसातली पिन काढून खरवडलं.
तळहातावर पडली माती.
वाळलेली, गोल, आतून गुळगुळीत,
कुंभारणीनं थुंकीनं लिंपलेली खोली.
खोलीत सहा कोळी, ना जिवंत ना मेले,
आणि भातासारखी पांढरी एक अळी.

माती लाल होती.
मिरजेची माती काळी.
लाल माती आमच्या विहिरीच्या काठाची,
माझ्याच माळ्याखालून वीस पावलांवरची.

दस्तगीरला फोन करावा का?
काय म्हणून?
तुला शिव्या दिल्या, परत घेतो, म्हणून?
त्याला तर काही ऐकूच गेलं नव्हतं.

दुसऱ्या ओढीला ती बोलली.
कोंबड्या कुंपणापलीकडं, निळा धूर माळ्याला,
आणि माझ्या उजव्या हाताची बोटं
सुतारच्या खड्ड्यांत बसेनात.
संध्याकाळपर्यंत जांभूळ सात तुकडे झालं.
पाणी आधी भुशावरून अडखळत गेलं,
मग सरळ.
अळीचं काय करायचं ते कुणालाच कळेना.
हर्षदानं ती खोली तशीच
दारावरच्या खबदाडात ठेवली, आणि हात धुतले.

सकाळी बघतो तर
मशीनच्या भोकावर कुंभारीण घिरट्या घालतेय,
तोंडात ओल्या मातीची गोळी.
मी कणसाचं बुरकुंड आणून
भोकात घट्ट ठोकलं.

हर्षदा एसटीसाठी निघाली होती.
वळून म्हणाली,
"काढायला विसरू नका म्हणजे झालं."