घट

बारावीचा निकाल लागला तेव्हा
अण्णा कोइमतूरला मुशीपुढं बसले होते.
फोनवर आधी ब्लोअरची घरघर,
मग कुणीतरी तमिळमध्ये ओरडलेलं,
मग अण्णा : "किती?"
मी टक्के सांगितले.
"दशांशाच्या पुढचं सांग की."
गलाईवाल्याला पुढचंच खरं वाटतं.

आमच्या भाळवणीतलं पोरगं
शाळा संपली की मिरजेला जाऊन रेल्वेत बसतं
आणि सेलम, त्रिचूर, विजयवाडा,
जिथं काका असेल तिथं उतरतं.
मीही मिरजेलाच गेलो.
फक्त स्टेशनात शिरलो नाही.
बॅग, बादली, आईनं बांधून दिलेली वाकळ,
रिक्षा हॉस्टेलकडं वळवली.

मामी म्हणाली होती, "नर्स? ते पोरींचं शिक्षण नव्हं?"
आई म्हणाली, "पोराला ब्रदर म्हणत्यात,"
आणि शेंगा फोडत राहिली
जरा जास्तच जोरात.

साठ नावांत आम्ही आठ पोरं.
"मुळीक धैर्यशील."
"हजर."
तिसऱ्या आठवड्यात एका मधुमेही पायाची पट्टी सुटली
आणि धैर्यशील मुळीक भिंतीला टेकून
हळूहळू फरशीवर आला.
भोरे सिस्टर म्हणाल्या,
"नाव दांडगं ठेवलंय घरच्यांनी.
पाणी पी. मग परत ये."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
परत जायचं म्हणजे बारा पावलं होती,
अजून मोजून सांगता येतील.

शाळेत हृदय काढायचो दोन खडूंनी,
निळी बाजू, लाल बाजू, नावं द्या, पाच गुण.
इथं ते कुणाच्या तरी मळक्या बनियनखाली असतं
आणि त्याला रात्रीची झोप नसते.
शाळेत चुकलं की खोडरबर.
इथं पहिला महिना नुसत्या चादरी,
कोपरा असा दुमडायचा की सुरकुती राहू नये,
सुरकुतीनं पाठ सोलते म्हणे.
आईला सांगितलं तर ती हसत सुटली,
"घरात एक वाकळ कधी घडी घातली नाहीस!"

अकरा नंबरला जतकडचे एक आजोबा.
मराठी तोडकी, कानडी भरपूर.
मला हाक मारायचे, "ए तम्मा."
तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.
म्हणजे ब्रदरच की,
मामीला सांगायचं राहून गेलं.
त्यांची बाटली मी मोजायचो रोज,
चारशे वीस. चारशे तीस नव्हे.
किती प्यायले, किती बाहेर आलं,
तक्त्यात मधला फरक.

अण्णांच्या दुकानातही असाच हिशेब,
किती घातलं, किती निघालं, मधली घट.
संध्याकाळी फरशीची धूळसुद्धा झाडून ठेवतात
आणि महिन्यानं ती जाळून
त्यातून उरलंसुरलं सोनं काढतात.
एका सकाळी अकरा नंबरची चादर
मी एकट्यानं बदलली.
कोपरे बरोबर आले.
झाडण्यासारखं काहीच नव्हतं तिथं,
एक तपकिरीची डबी सोडून.
ती मुलाच्या हातात दिली.

दिवाळीला अण्णा आले.
माझा पांढरा कोट हातात घेऊन
कापड चिमटीत धरून बघितलं,
वजन करावं तसं.
"बघू, काय शिकलास."
शर्टाची बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत
तेजाबाचे जुने ठिपके, काही नवे.
नाडी धरली. घड्याळाकडं बघत मोजली.
"बावीस कॅरेट हाय का?"
मी हसलो नाही, आकडा चुकला असता.

मग स्टेथोस्कोप पाठीला लावला.
वीस वर्षांचा धूर
आत कुठंतरी बारीक कुरकुरत होता,
ओल्या वाळूवर चप्पल पडावी तसा.
पुस्तकात याला नाव आहे.
परीक्षेत मी ते लिहिलंय.
आई दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी.
"किती घट धरायची?" अण्णांनी विचारलं.
"बोलू नका," मी म्हणालो,
आणि डाव्या बाजूला सरकलो.
श्वास घ्या.
सोडा.
परत घ्या.