सव्विसावा रकाना

पहिल्यांदा कानावर घातलं पाशेकोबाईंनी, कुंपणावरून,
बर्फ ओढायचं फावडं हातात तसंच धरून:
"गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एकजण आला होता.
तुमचं कसं चालतं, विचारत होता.
अंथरूण पाहून पाय पसरतात का, असंच काहीतरी.
मी म्हटलं, त्यांचं अंथरूण दोरीवर वाळताना बघते मी,
ठिगळं आहेत, पण स्वच्छ असतं."

मी हसले. हसू तसंच घरात आणलं.
सिंकपाशी उभी राहीपर्यंत ते कुठे सांडलं, कळलं नाही.

ग्रॉटनमध्ये ह्यात नवल नाही.
अर्धं गाव पाणबुड्या बांधतं,
उरलेलं अर्धं त्यांना सँडविच विकतं.
क्लिअरन्सची मुदत आली की सरकारचा माणूस दारोदार फिरतो:
हा पितो किती, जातो कुठे, बसतो कोणात.
वेंडेल बावीस वर्षं वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे तपासतो.
केसाएवढी भेगही त्याला दिसते.
समुद्र तिथूनच आत शिरतो, एवढंच एकदा म्हणाला होता.
बाकी कामाचं तो सांगत नाही,
मी विचारत नाही.
त्या न विचारण्यावर आमचं लग्न
बरं उभं होतं.

रात्री त्याने फॉर्मची प्रत टेबलावर ठेवली,
मिठाच्या बाटलीशेजारी.
सव्विसावा रकाना. थकलेली कर्जं,
वसुलीवाल्यांकडे गेलेली खाती.
त्याचं ते ठोकळ्यासारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही:
अडतीस हजार चारशे बारा डॉलर.
लुसियनच्या बोटीचं इंजिन.
धाकट्या भावाला हा जामीन राहिला होता.
बोट गेली भंगारात, लुसियन गेला फ्लोरिडाला,
सही तेवढी इथेच राहिली.
चार वर्षं.
चार वर्षं टपालपेटी तोच उघडायचा,
आणि मला वाटायचं, माझे गुडघे दुखतात म्हणून.

"आकड्याचं त्यांना एवढं काही नाही," तो म्हणाला,
"आजारपण, घटस्फोट, भाऊ, सगळं ऐकलेलं असतं त्यांनी.
फेडतोयस का, विचारलं. पावत्या दाखवल्या.
मग त्याने पेन खाली ठेवलं.
म्हणाला, हे कोणाला माहीत नाही?
मी म्हटलं, कॉरीनला."

फ्रिज घरघरत होता. मग बंद पडला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
ह्यांच्या कचेरीत तोच हिशेब, फक्त भीतीने मांडलेला:
मूठ झाकलेली आहे, म्हणजे कोणीतरी येईल,
सव्वा लाख टेबलावर ठेवील,
आणि म्हणेल, एक नकाशा दे, नाहीतर तिला सांगतो.
म्हणजे माझ्या नवऱ्याला फोडायचं हत्यार
मी होते. इथे, ह्या स्वयंपाकघरात,
बटाटे सोलत.

"म्हणजे आधी त्याला सांगितलंस," मी म्हटलं.
"तिथे खोटं लिहिणं गुन्हा आहे, कॉरीन."
"आणि इथे?"

त्याने मीठ उगाच इकडचं तिकडे केलं.

मार्च उजाडला. निकाल नाही.
तोवर त्याला गोदामात बसवलंय,
जिथे गुपित असं काहीच नाही: हातमोजे मोजायला.
महिन्याला साडेतीनशे डॉलर जातात, चेक आता मी लिहिते,
पाकीट चिकटवताना लुसियनला एक शिवी घालते, ती फुकट.
वसुलीची पोरगी फोन करते, ओहायोहून,
मीच घेते. तिला सर्दी झाली होती परवा.

आणि वेंडेल, बावीस वर्षांत पहिल्यांदा,
जेवताना कामाचं बोलतो.
अकराशे सहा जोड. चामड्याचे वेगळे, रबरी वेगळे.
आज डाव्या हाताचे चार कमी भरले, म्हणतो,
आणि माझ्याकडे बघतो, त्यात काही दिसतंय का म्हणून.

मी ऐकते. बटाटे वाढते.
माझाही निकाल अजून द्यायचाय.
कचेरीला घाई नाही, मग मलाच का असावी.
पण उजव्या हाताचे चार उरले असतील ना,
त्यांचं काय करतात, एवढं मी विचारलं.