रुवैस, पाचवी रात्र

मणक्यात चार स्क्रू बसवले, नीट बसलेत म्हणे.
फोटोत दिसतात, दप्तर अडकवायच्या खुंट्यांसारखे.
बिघडलं ते भलतंच,
ज्याला कुणी हातही लावला नव्हता.

आतडी रुसलीत.
डॉक्टर इद्रिस दिवसातून तीनदा येतो,
पोटावर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटतो,
कुलूप लावलेल्या घराच्या दाराला कान लावावा तसा.
"शांत आहे," म्हणतो, आणि तोंड पाडून जातो.

पोट इतकं तट्ट की चादर घसरते.
नाकातून नळी, नळीतून हिरवं पाणी,
बाटलीवर मिलिलिटरात माझा हिशेब.
लिसम्मा सिस्टर दारातूनच विचारते,
"गॅस पास हुआ?"
फरशी पुसणारा पोरगा विचारतो.
कंपनीचा पीआरओ विचारतो, फोनवर,
आधी घसा खाकरून.

अकरा वर्षं मी इथल्या प्लांटात
पाइपांच्या सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावत फिरलो.
एक बुडबुडा दिसला की शिट्टी, लाल फीत, सगळे बाहेर.
गॅस सुटू द्यायचा नाही,
याचाच पगार घरी गेला, त्यातच दोघींची लग्नं.
हसू येतं. पण हसलं की टाके ओढतात.

रात्री कुंदाचा फोन. "जेवलात?"
पाच दिवस मी हो म्हणतोय.
कॅमेरा बिघडलाय, असं सांगून ठेवलंय.
आज तिने पुढे विचारलं, "काय होतं?"
बाटलीकडे बघत म्हटलं,
"मुगाचं वरण. मीठ कमी होतं."

शेजारच्या खाटेवर लालबख्श, बलुची, टँकर चालवतो,
पायात सळई, सहसा बोलत नाही.
पहाटे तो एकदम कोपरावर उठला.
"मुबारक हो!"
"कसलं?"
"अरे, बजा ना! पूरा बजा!"
लिसम्मा धावत आली,
तक्त्यावर वेळ लिहिली, तीन बावन्न,
आणि नळीला टिचकी मारून हसली.
फरशीवाल्या पोराने पोछा तसाच उंच धरला.

मी चादरीखाली हात नेला,
कमरेखाली चाचपून पाहिलं,
बसमध्ये कुणाची तरी राहिलेली पिशवी चाचपावी तसं.
सगळ्यांनी ऐकलं होतं.
मला काहीच कळलं नव्हतं.

तिकडे सव्वापाच झाले असतील,
कुंदा नळावर असेल.
फोन लावला. मागे कळशी भरल्याचा आवाज.
"झालं," म्हटलं.
"काय झालं? नीट बोला."
लालबख्शला जेवढं कळलं होतं
तेवढंच सांगितलं.