चतुःसीमा

फोन उचलल्या उचलल्या ब्यूरोची बाई विचारते,
"पेशंटचं वजन किती?"
नाव नाही, वय नाही.
मोबाईल छातीशी धरून मी बापूंकडे बघते.
उताणे पडलेत, डावी बाजू
कुणी शेजारी उसनी नेल्यासारखी.
लहानपणी मला त्यांनी अडतीतल्या काट्यावर बसवलं होतं,
तुरीच्या पोत्याशेजारी, पावकिलोपर्यंत मोजून.
त्यांचं वजन मला माहीत नाही.
"साठ असेल," मी म्हणते.
"साठपासून पुढं दोन हजार जास्त."
मी लगेच अठ्ठावन्न करते.

त्यांच्याच मोजणीच्या जुन्या वहीत
मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत जाते:
बारा तासांचे इतके, चोवीसचे इतके,
जेवण आपलं, डायपर आपले,
सुट्टीला बदली माणूस, मिळाला तर.
उचलेल, पण जिना नाही.

भाऊ पुण्याहून म्हणतो, पैशाचं बघू नकोस.
कशाचं बघू, ते सांगत नाही.
औशाहून आत्या विचारते,
"माणूस कुणाचा ठेवतीस? आडनाव काय?"
आत्या, आधी माणूस तर मिळू दे.

बार्शी रोडला एक केंद्र बघून आले.
फाटकावर बोगनवेल, ऑफिसात एसी,
माहितीपत्रकात हसणारे म्हातारे, कुठल्या तरी थंड देशातले.
आतली खोली बघू म्हटलं तर,
"भेटीची वेळ चार ते पाच."
साडेचारच वाजले होते.
आठ खाटा. बोलवायची घंटी भिंतीवर,
खाटेपासून दोन हात लांब.
एका म्हातारीनं माझी ओढणी धरली,
"बसवराज, आलास?"
मी हो म्हणाले.
तिची नखं कापलेली होती, स्वच्छ.
तेही वहीत लिहिलं. खोटं कशाला बोला.

मग घरी माणसं येऊ लागली.
एकानं दारातच वायफायचा पासवर्ड विचारला.
एक सिस्टर फार चांगली, तीन दिवस आली,
चौथ्या दिवशी हैदराबादेतून फोन:
इथं दुप्पट देतेत ताई, राग मानू नका.
राग कसला. मीही गेले असते.

मधल्या रात्री मीच,
दर दोन तासांनी गजर लावून कूस बदलायची,
सकाळी सहावीच्या वर्गात फळ्याला टेकून उभी.
धुताना बापू डोळे मिटून घ्यायचे.
मीही मिटायची.
त्यामुळं नीट धुणं व्हायचं नाही.

इलियास आला तो रविवारी, उन्हाचा.
मोंढ्यात अठरा वर्षं हमाली,
मग सासऱ्याचं सगळं तीन वर्षं अंथरुणात.
सर्टिफिकेट? नाही.
चप्पल बाहेर काढली, हात धुतले, खाटेजवळ उकिडवा बसला.
"काका, कोण्या कुशीवर झोपताव?"

बापूंना विचारलं. मला नाही.
दोन महिन्यांत डॉक्टरच्या "आज वार कोणता"खेरीज
त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

उजवा हात उठला.
अख्खी हयात साखळी ओढत
लोकांच्या बांधाबांधातून फिरलेला भूमापक
खाटेची मोजणी सांगू लागला:
पू...र्वेस खिडकी.
पश्चिमेस, गोळ्या.
उत्तरेस भिंत.
दक्षिणेस...
शब्द अडला. ओठ हलत राहिले, लाळ आली.
मी "दार" म्हणणार,
तर इलियासनं मागं न बघता हात वर केला, थांबा.
पंखा फिरत होता. शेजारचं कुकर तीनदा वाजलं.
"वाट," बापू म्हणाले.

पैशाचं बोलणं नंतर झालं, चहावर.
शुक्रवारी दुपारी दोन तास पाहिजेत म्हणाला.
त्याचा बाप रेणापूरला असतो,
त्याचं कोण करतं विचारलं
तर बशीत बघत म्हणाला, "भावजय."
तिला कोण काय देतं, मी विचारलं नाही.
आत्याला आडनाव अजून सांगितलेलं नाही.

निघताना त्यानं बापूंच्या काखेत हात घातले,
एका दमात वर सरकवलं, उशी दुमडली
आणि मोंढ्याच्या सवयीनं पुटपुटला,
"त्रेपन्न. लई झालं तर चोपन्न."
वहीतलं अठ्ठावन्न मी खोडलं.